कितव्या पायरीची?

बर्फ सगळा विरघळला, पण पाणी टिकलीच्या वर केसभरसुद्धा चढलं नाही.

नमिता काचेच्या बरणीकडे बघत राहिली. देवळाच्या ओट्यावर, गावातल्या शंभरेक माणसांसमोर, तिने बरणीतल्या पाण्यात बर्फाचे खडे सोडले होते. पाणी जिथं टेकलं तिथं स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढून काचेला चिकटवली होती. म्हणाली होती, "आता बघा. बर्फ वितळेल आणि पाणी टिकलीच्या वर जाईल. जगाच्या टोकांना हेच चाललंय. तिथलं पाणी फिरून फिरून आपल्या खाडीत येतंय."

चैत्राचं ऊन. बर्फाला वेळ लागला नाही. बायका पदराने वारा घेत होत्या, बाप्ये तंबाखू मळत होते, सगळ्यांचे डोळे त्या एवढ्याशा लाल ठिपक्यावर.

माजी सरपंच हैबतराव चष्मा सावरत वाकले. बरणीला नाक लागेस्तोवर वाकले. मग सरळ होऊन गावाकडे वळले.

"मास्तरीनबाय, टिकली तर जागेवरच हाय!"

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "कपाळाला परत लाव गो, चांगली आहेव बाय बिनटिकलीची दिसते!" आणि हसणं पुन्हा उसळलं, भिंतीपर्यंत जाऊन परत आलं.

नमिताही हसली. काय करणार? पण तिचा हात बरणीवरून निघेना.

तिच्या हसण्या-रडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न बांधाचा होता. खारमांडवे हे गाव कासू स्टेशनापासून खाडीकडे उतरत गेलं की शेवटी लागतं. पुढे रस्ता नाही, पुढे बांध. बांधाच्या या अंगाला भात, त्या अंगाला खाडी. मधे हातभर रुंद विश्वास. गेल्या भादव्यातल्या अवसेच्या उधाणाला खाडी बांधाच्या डोक्यावरून आत आली. बांध फुटला नाही, खांड पडली नाही, नुसती वरून चालत आली, जशी सासुरवाशीण माहेरच्या ओळखीच्या दारातून आत येते. नमिताच्या सासरचा दीड एकर, अगदी बांधाच्या पायथ्याचा, घोटाभर खाऱ्या पाण्यात उभा राहिला. खारं पाणी एकदा मुरलं की शेत तीन वर्षं मुकं होतं. त्या वेळी मागून पाऊस इतका पडला की मीठ धुऊन निघालं आणि निम्मं भात हाती लागलं. दर वेळी पाऊस धावून येईल, असं थोडंच आहे?

म्हणून नमिताचं म्हणणं एवढंच होतं, की पावसाआधी बांध हातभर चढवायचा. पूर्वी चढवायचे तसा, घरटी एक माणूस देऊन, खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिखल काढून, गोळे थापून.

"कशाला?" हैबतराव आता रंगात आले होते. "सरकार भिंत घालनार हाय, सिमेटची. मोजनी झालीय. आपन आता चिखल थापला, तर सायेब म्हनेल, तुमचा बांध मजबूत हाय, भिंत कशाला?"

"आन खरा सांगू का," देवळाच्या खांबाला टेकलेला एक जण म्हणाला, "ह्यो बरफाचा सगळा डाव हाय. गाव बुडनार, गाव बुडनार म्हनून घाबरवायचा. मानसा घाबरली का जागा कवडीमोलानं घ्यायची."

"मुंबई बुडनार असा टीवीवाले मी लहान होतो तवापासून सांगतात. बुडली?"

"बांध खेकडे पोखरतात. त्यांच्यासाठी काय बरनी आननार?"

सभा उठली. चपला शोधता शोधता माणसं हसत होती. नमिताने टिकली काचेवरून खरवडली, पण तिचा चिकटपणा गेला होता. ती पदराच्या टोकाला गुंडाळून ठेवली.

घरी सासरे, काळुराम, उघाडीच्या दाराच्या साखळीला तेल लावत बसले होते. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला खाडीला आत येऊ द्यायचं नाही. चाळीस वर्षं ते दार काळुरामांच्या हातात होतं.

"बा, तुमी तरी बोलायचात ना," नमिता म्हणाली. "तुमाला तर दिसतंय पाणी."

काळुराम साखळीचा एकेक वेढा चिंधीने पुसत राहिले. "पानी वाढलाय. व्हय. पन तो बरफाचा का खेकड्यांचा, का त्या बोटी खाडी घुसळतात त्यांचा, ते मना नाय म्हायती. म्हायती नाय ते गावासमोर कसा बोलू?"

आत चुलीपाशी सासू, काशीबाई, भाकरी थापत होती.  गावात जिचा गळा सगळ्यात मोठा, ती घरात सगळ्यात कमी बोले. काशीबाई धवलारीण. लग्नात भटजीच्या आधी तिचा धवला लागतो. ती गायली की हळद लागते, ती गायली की नवरी उंबरा ओलांडते. पन्नास वर्षांत गावातलं एकही लग्न तिच्या गळ्याशिवाय लागलं नव्हतं. आज मात्र नमिताला वाटलं, सासू मुद्दाम भाकरी जोरात थापते आहे.

नवऱ्याची, विशालची, दुपारची शिफ्ट होती. रोह्याच्या कंपनीतून येईपर्यंत गोष्ट त्याच्या फोनवर पोचली होती. जेवताना त्याने ताटाकडे बघत विचारलं, "टिकली सापडली का?"

"तूही?"

"नाय गो. मी आपला विचारतो. डबी संपली असली तर पेणवरून आनीन." मग जरा वेळाने, हळू, "उगा कशाला पडतेस? तुजा खरा असला तरी तुजा ऐकनार कोन? नऊ वरसा झाली तुला इथं येऊन. त्यांच्यासाठी तू अजून कालचीच."

दुसऱ्या दिवशी शाळेत जायला कासूवरून रोह्याच्या गाडीत बसली तेव्हा नमिताच्या डोक्यात ती बरणीच होती. मास्तरीण असली तरी ती शिकवे मराठी आणि गणित. बर्फाचं हे तिने अलिबागच्या एका शिबिरात पाहिलं होतं. तिथं काय होतं? काचेचं भांडं, पाणी, बर्फ. आणि एक दगड. भांड्यात मधोमध पाण्याबाहेर डोकं काढून बसलेला काळा दगड. बर्फ त्या दगडावर ठेवला होता. तिला वाटलं होतं, शोभेसाठी असेल.

नागोठण्याचा पूल गेला आणि तिने कपाळावर हात मारला. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही. त्याने आपली जागा आधीच घेतलेली असते. वाढतं ते जमिनीवरचा बर्फ वितळून खाली आल्यावर. ती दगडच विसरली होती.

मधल्या सुट्टीत तिने शाळेच्या टेबलावर परत मांडामांड केली. या वेळी मैदानातला दगड आणला, नवी टिकली चिकटवली. बर्फ वितळला, दगडावरून ओघळला, आणि पाणी टिकलीवर चढून अर्धं बोट वर गेलं. कोणी हसलं नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

तिने तिथूनच हैबतरावांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"बाय, एकदा केलास तो पुरे. आज दगड विसरलीस म्हनतेस, उद्या म्हनशील मीठ विसरली. गाव पुन्ना नाय जमायचा बरनीसाठी."

वैशाखाच्या सुरुवातीला जनूचं लग्न होतं. जनू धोंडुबाईचा नातू. धोंडुबाईचं शेत बांधाच्या दुसऱ्या टोकाला आणि जीभ गावाच्या मधोमध. नवरी मृणाली, गागोद्याकडची. डोंगराच्या पायथ्याची पोर, खाडी तिने कधी जवळून पाहिली नव्हती.

खारमांडव्यात नवरी आली की आधी घरी नेत नाहीत. आधी उघाडीवर नेतात. उघाडीच्या अंगाला खाडीत उतरणाऱ्या सात दगडी पायऱ्या आहेत, खालून वर मोजायच्या, बैठ्या, पसरट, एकेक जेमतेम चार बोटं उंच. त्यातल्या एका पायरीवर नवरीला उभं करून खाडीला हळदकुंकू वाहायचं, आणि मग खाडीची परत पाठवणी करायची. ज्या पायरीवर नवरी उभी राहिली, ती जन्मभर तिची. गावात बायका एकमेकींना विचारतात, "तू गो कितव्या पायरीची?" भांडण पेटलं की सासू सुनेला म्हणते, "चौथीची हायेस, चौथीसारखी ऱ्हा. पायरीनं बोल." सासूहून सून वरच्या पायरीची, हे सगळ्यांना ठाऊक. रीतच तशी. कोणी तिच्याकडे वळून पाहिलेलं नव्हतं.

सकाळचे नऊ वाजले होते. ओहोटी लागलेली, पायऱ्या उघड्या पडलेल्या. ताशा थांबला. काशीबाईने डोक्यावरचा पदर कानामागे घेतला आणि ती गायली.

आधी मूळ धाडू गो कोनाला
खाडीबायला गो खाडीबायला
ये गो बाय, बस गो बाय, सहाव्या पायरीला
कुकू घे नि मागारी जा तुजे म्हायेराला

मृणाली हिरव्या शालूचा घोळ सावरत सहाव्या पायरीवर उभी राहिली. वर फक्त एक पायरी उरली होती. नमिता बायकांच्या घोळक्यात होती. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात तिला आपलं लग्न आठवलं. नऊ वर्षांपूर्वी याच आवाजाने "पाचव्या पायरीला" म्हटलं होतं, आणि पायाखालचा दगड गार लागला होता.

"माझी तिसरी," शेजारी धोंडुबाई दिमाखात सांगत होती. "तवा खाली उतराया लागायचा. ही थोरली चौथीची, ही धाकटी पाचवीची. आन आता नातसून सहावीची. माज्या घरात आख्खा जिना हाय गो!"

बायका खिदळल्या. नमितासुद्धा. आणि हसता हसता थांबली.

थोरली चौथीची. धाकटी पाचवीची. दोघी जावा. एका सासूच्या दोन सुना. सासूच्या वर सुनेची पायरी, ही रीत खरी असेल तर दोघी एकाच पायरीवर हव्यात.

तिने खाली पाहिलं. मृणालीच्या पायांलगतच्या, खालच्या पायरीच्या कडेला कालवं, भरती रोज पोचते तिथवरच दगडाला धरणारे शिंपले, चिकटलेली होती, करवतीच्या दातांसारखी धारदार. सहाव्या पायरीवर एकही नव्हतं. ती खालची पायरी म्हणजे पाचवी, तिची पाचवी, जिच्यावर ती नऊ वर्षांपूर्वी अनवाणी उभी होती, ती आता पायसुद्धा ठेवता येणार नाही अशी कालवांनी भरली होती.

वरात निघाली. ताशा पुन्हा घुमू लागला. काशीबाई मागे राहून पायरीवर सांडलेलं कुंकू निरीने पुसत होती.

"आई," नमिता तिच्याजवळ बसली. "पायरी तुमी ठरवता?"

काशीबाईचा हात थांबला नाही. "धवल्यात जी येते ती."

"मग धवल्यात पाचवी होती. सहावी कधी झाली?"

काशीबाईने खाडीकडे एकदा पाहिलं. मग सासू म्हणाली, "घरी चल. इथं ती ऐकते."

घरी कोणी नव्हतं, सगळे मांडवात जेवायला. काशीबाईने दार लोटलं, माठातलं पाणी प्यायली, आणि जमिनीवर बसली ती एकदम लहान दिसायला लागली.

"माजे सासूनं मना धवला दिला तवा माजा हात तिचे डोक्यावर ठेवून घेतला. म्हनली, काशी, शब्द बदलायचा नाय. एक शब्द हलला तर लगीन हलतो. ती तिसरी म्हनायची. मी पन तिसरी म्हनत व्हती. मग एका लगनाला, धोंडुबायचे थोरले सुनेच्या, मी आपली सांगितल्यापरमानं तिसरीवर कुकू वाहायला वाकली, तर कालवा. सगळी कालवा. पोरीनं पाय ठेवला असता तर रगत आला असता. हळदीचे पायाला रगत? मी काय केला... तोंडातून निघालाच. चौथ्या पायरीला."

"आणि मग पाचवी."

"मग पाचवी. आता सहावी. गावानं समजून घेतला, का सासूचे वर सुनेची. मी म्हनली, समजूं दे. मना बरा झाला." तिने पदर तोंडाला लावला. "तू देवळात बरनी घेऊन उभी होतीस ना, तवा मी मागं बसली होती. लोका हसत होती आन मना घाम फुटला होता. तुजी टिकली वर गेली नाय. माजी तर तीनदा गेली होती."

 नमिताच्या बरणीत जे मावलं नाही, ते या बाईने पन्नास वर्षं गळ्यात धरून ठेवलं होतं. कालवं कुठवर चढली, त्याची नोंद गावातल्या प्रत्येक बाईच्या पायाखाली होती.

"आई, हे गावाला सांगा. तुमचं ऐकतील."

"नाय."

"आई, भादव्यात—"

"नाय म्हनते ना! पन्नास वरसाची लगना मी लावलीत. लोका म्हनतील, काशीनं शब्द मोडला, मग आमची लगना खरी का खोटी? मना कोन बोलवील?" मग तिचा आवाज खाली आला. "आन एक सांग. तू म्हनतेस तिकडं बरफ वितळतो. तो खाडीबायचा म्हायेरच ना? दर लगनात मी तिला सांगते, मागारी जा म्हायेराला. म्हायेरच वितळला तर ती मागारी जायाची कुठं?"

 अलिबागच्या शिबिरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आठ दिवसांनी पुन्हा सभा भरली. भिंतीच्या मागणीच्या अर्जावर सह्या घ्यायच्या होत्या. नमिता रिकाम्या हातांनी गेली. सासूचं 'नाय' तिने पाळायचं ठरवलं होतं: काशीबाईचं नाव काढायचं नाही. पण प्रश्न विचारायला कोणाची बंदी नव्हती.

"हैबतकाका, सह्या होईस्तोवर बायकांना एक विचारू?"

"बरनी नाय ना आनलीस?"

"बरनी नाय. दगड गावातच हाय." ती बायकांकडे वळली. "कोण कितव्या पायरीची, एकेकीनं सांगा. आणि लग्नाला किती वर्षं झाली तेही."

बायकांना असलं विचारायचीच खोटी. एकच गलका झाला. म्हाताऱ्या सगळ्या तिसरीच्या. मग चौथीच्या आल्या, तीस-चाळीस वर्षांमागच्या. मग पाचवीच्या. कोणी शेजारणीला ढोसत होती, "खोटा बोलू नको, तू चौथीची, पाचवीची म्हनून तरनी होतेस काय?" शेवटी मृणालीने मान खाली घालून एकटीच बोट वर केलं. सहावी.

"झाला?" हैबतराव म्हणाले. "ही तर रीत हाय. सासूवर सून, सुनेवर नातसून."

"मग धोंडुमावशीच्या दोन सुना दोन पायऱ्यांवर कशा?"

हसण्याचा आवाज बसत बसत गेला. धोंडुबाईने आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, जणू त्या आजच घरात आल्या होत्या. मग तिने काशीबाईकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

काशीबाई खांबाआड बसली होती. नमिताने डोळ्यांनी नको म्हटलं. पण म्हातारी उठली होती.

"रीत नाय," ती म्हणाली. गाताना घुमणारा आवाज, पण बोलताना चिरकला. "मी केला तो. सासूनं दिलेला शब्द मी तीनदा मोडला. कालवा वर चढली तशी मी पायरी वर चढवली. पोरींचे पाय कापू नये म्हनून. खोटा वाटत असंल तर उघाडीवर चला. तिसरीवर कोन पाय ठेवून दाखवता ते बघू."

कोणी उठलं नाही. सगळ्यांना त्या पायऱ्या ठाऊक होत्या. रोज दिसतात म्हणून कोणी पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

"पन ते..." हैबतराव चाचरले, "दगडच खचला असंल. जुना बांधकाम. चिखलात दगड बसतो खाली."

"खचला असेलही," नमिता म्हणाली. तिला आता खोटं काहीच बोलायचं नव्हतं. "सगळं बर्फाचंच आहे असं मी म्हणत नाही. खाडी गाळानं भरलीय, खाजणं बुजवलीत, पाण्याला पसरायला जागा नाही. पण त्यात बर्फाचाही वाटा आहे."

तेव्हा काळुराम उभे राहिले. गावाने त्यांना सभेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दगड खाली गेला का पानी वर आला, ते मना नाय म्हायती. पन चार बोटा, मग चार बोटा, मग चार बोटा. भिजनार भात आपलाच हाय. उद्या सकाळपास्ना मी चिखल काढतो. येनारा येईल."

इथंच सभा संपली असती तर बरं झालं असतं. पण धोंडुबाई उभी राहिली.

"काशी, तू शब्द हलवलास. म्हनून पानी हलला."  "तिला तिसरीवर बस म्हनायची सोडून तू चौथीवर बोलावलीस, ती आली. पाचवीवर बोलावलीस, आली. तूच बोलावलीस गो तिला! आता सहावी. सातवीच्या वर कोन हाय? आपली घरा!"

"मावशी, असं नसतं," नमिता पुढे झाली. "पाणी आधी चढलं, शब्द मग—"

"तू गप. पाचवीची हायेस."

 काशीबाई हळूच खाली बसली, खांब धरून.

उरलेला वैशाखभर बांधावर काम चाललं. निम्मं गाव आलं, निम्मं नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, खाजणातला काळा चिखल फावड्याने काढायचा, हातोहात पुढे द्यायचा, बांधावर थापायचा, वर पेंढा अंथरायचा, पुन्हा थापायचा. हैबतराव अर्जाच्या कामाने पेणला जात आणि येताना उघाडीशी थांबून, चपला काढून, चार गोळे थापून जात, कोणी पाहिलं तर म्हणत, "भिंत येईस्तोवर असूं दे." विशाल रात्रपाळी सुटली की येई. चिखलाने माखलेल्या नमिताला बघून एकदा म्हणाला, "टिकली लाव गो, वळखू येत नाय."

उघाडीपासून वडाच्या वळणापर्यंत बांध हातभर चढला. वळणापलीकडे धोंडुबाईची आणि तिच्या भावकीची शेतं. तिकडून कोणी आलं नाही, आणि दुसऱ्याने हात लावलेलाही त्यांना नको होता. "शब्द मोडलेल्या घरचा चिखल आमचे बांधाला नको." बांध वळणापाशी पायरीसारखा खाली उतरला होता, हातभर.

त्या वैशाखात गावात आणखी दोन लग्नं झाली. काशीबाईला बोलावणं आलं नाही. एका लग्नाला शेजारच्या गावातून धवलारीण आणली, तिला उघाडीचा धवला येत नव्हता. दुसऱ्या लग्नात नवरीला सरळ घरी नेलं. ताशाचा आवाज येत होता तेव्हा काशीबाई परसात भांडी घासत होती. घासलेलीच भांडी, परत.

भादव्यातली अवस भर दुपारी आली. भात पोटरीला आलेलं, हिरवंगार, कणसं अजून पात्याच्या आत. वारा पश्चिमेचा. साडेबाराला खाडी फुगली तेव्हा सगळं गाव बांधावर होतं. पाचवी गेली, सहावी गेली. सातवी पायरी पाण्याखाली गेली तेव्हा काळुरामांनी उघाडीचं दार दोन्ही हातांनी दाबून धरलं, जसं काही ते हातांनी धरल्याने राहणार होतं. पाणी बांधाच्या जुन्या माथ्याच्या वर आलं आणि नव्या चिखलाला टेकलं. चार बोटं. मग सहा. मग तिथंच हेलकावत राहिलं. पेंढा भिजला, पण चिखलाने जागा सोडली नाही.

वळणापलीकडे खाडी न थांबता आत उतरली. आवाज नव्हता त्याला. हिरव्या भातात राखाडी पाणी पसरत गेलं, कणसांच्या पोटापर्यंत. धोंडुबाई वळणावर उभी होती. नमिता धावत तिच्याकडे गेली, तिच्यामागून काशीबाई. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.  धोंडुबाईने फक्त विचारलं, "आता तीन वरसा?"

"तीन वरसा," काशीबाई म्हणाली. "पाऊस आला नाय तर."

त्या वर्षी त्यानंतर पाऊस आला नाही.

दसऱ्याच्या आसपास, एका संध्याकाळी, दारात मृणाली उभी राहिली. हातात धोंडुबाईने दिलेला नारळ.

"आजीसासूंनी पाठवलं. म्हणाल्या, काशीला सांग, मार्गशीर्षात आमच्या भावकीत पोराचं लगीन आहे. विचार, ती येईल ना." तिने पदराशी चाळा केला. "आणि मला धवला शिकायचाय. तुमचा आवाज बसला की उघाडीवर कोण गाणार, असं त्याच म्हणाल्या."

काशीबाईने नारळ घेतला, देवापाशी ठेवला. मग मृणालीला समोर बसवलं. नमिता वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं. काशीबाईने मृणालीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, जसा तिच्या सासूने तिचा घेतला होता. पण शब्द बदलायचा नाय, असं ती म्हणाली नाही. डोळे मिटून गायला लागली.

आधी मूळ धाडू गो कोनाला
खाडीबायला गो खाडीबायला
ये गो बाय, बस गो बाय...

आणि थांबली.

मृणाली वाट बघत राहिली. "पुढं? सहाव्या पायरीला ना, आजी?"

"तू लगनाचे दिवशी उघाडीवर उतर," काशीबाई म्हणाली. "वाक. हातानं चाचपून बघ, कालवा कुठपर्यंत आली. मग म्हन."

"आणि सातवीच्या पण वर आली असली तर?"

काशीबाईने डोळे उघडले. नमिताकडे पाहिलं. बाहेर काळुराम उघाडीवरून परतले होते, पाय धूत होते. पाण्याचा आवाज येत होता.

"तवा," काशीबाई म्हणाली, "गायच्या आधी गावाला सांग."